फळ्यांखालची हवा

देऊळघाटात बांधावरून भांडणं होत, पाण्याच्या पाळीवरून होत, एकदा तर चिंचेची सावली कुणाच्या अंगणात पडते यावरून दोन सख्खे भाऊ एकमेकांची डोकी फोडायला निघाले होते. हवेवरून मात्र दोनच माणसं भांडली. एक मोतीराम आणि दुसरी त्याची विहीणबाई सत्यभामाबाई. आणि हवा तरी कसली? मोकळी, वाहती, कुणाच्याच बापाची नसलेली हवा नव्हे. मोतीरामनं आपल्या घराच्या मागच्या खोलीत सागवानी फळ्यांखाली कोंडून ठेवलेली हवा.

मोतीरामचा गावाबाहेर वांगी-मिरचीचा मळा होता, पण जीव सगळा लाकडात. उमेदीची वर्षं त्यानं बुलडाण्याच्या जुन्या बंगल्यांतल्या लाकडी जमिनी दुरुस्त करण्यात घालवली होती. हाताला नेमका, डोक्यानं तापट आणि जिभेनं त्याहून तापट. आपलं म्हणणं खरं आहे एवढं त्याला कळलं की मग तो थांबत नसे. समोरचा आडवा पडला तरी त्याच्या छातीवर बसून विचारायचा, ‘पटलं का? तोंडानं बोल, पटलं का?’ अशा माणसाचं खरं ठरणंसुद्धा लोकांना नकोसं होतं. गावात त्याला मान होता, पण पारावर त्याच्या शेजारी बसायला कुणी फार उत्सुक नसे.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच वर्षी त्यानं आपली एकुलती एक पोर चांगुणा दुसरबीडला उकंडराव आणि सत्यभामाबाईंच्या घरात सून म्हणून दिली. घर शेतीवाडीचं, खाऊनपिऊन सुखी. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण आठव्या महिन्यातच पोरीला कळा आल्या आणि लेकरू दुसरबीडलाच झालं. मुलगा. दिवस थंडीचे. त्यांच्याकडच्या रीतीप्रमाणं बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, खिडकीत चिंध्यांचे बोळे, दार लोटलेलं. चौथ्या दिवशी सकाळी लेकरू बाजेवर गार सापडलं.

दुसरबीडचे लोक म्हणाले, बाळंतपणात पडलेली वार नीट पुरली गेली नाही. मागच्या उकिरड्याजवळ पुरली होती ती कुत्र्यांनी उकरली आणि वार उघडी पडली की लेकरू राहत नाही, हे तर सगळ्यांनाच ठाऊक. मोतीराम भेटायला गेला, खोली पाहिली, शेगडी पाहिली, खिडकीतले बोळे पाहिले आणि ओसरीवर भरल्या माणसांत म्हणाला, “वार नाई अन् सटवाई नाई. तुमच्या शेगडीच्या धुरानं मारलं त्याले.”

तेव्हापासून दोन्ही घरांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. लग्न असो, बाजार असो, गाठ पडली की मोतीराम तेच वाक्य काढायचा. ते निघालं की चांगुणा उठून आत जायची. बापाला वाटायचं, पोरीला आठवण सोसत नाही. सत्यभामाबाई दरवेळी व्याह्याला एकच म्हणायच्या, “इवाई, पोरीसमोर त्या गोष्टी काढू नका.” त्यावर मोतीराम मनात म्हणायचा, चोराच्या मनात चांदणं. खुपतंय बाईला, म्हणून तर दाबतेय.

सव्वा वर्षानं चांगुणाला पुन्हा दिवस गेले. या खेपेला मोतीराम सातव्या महिन्यातच बैलगाडी घेऊन दुसरबीडला दारात उभा राहिला. दुसरं बाळंतपण आमच्याकडंच, असं सत्यभामाबाई म्हणाल्या. मोतीराम म्हणाला, एक केलं तेवढं पुरे. उकंडराव बिचारे मधे हात जोडत राहिले. शेवटी बाईंनी पोरीला सोडलं, पण अट घालून.

“दिवस भरले की मी येनार. माझ्या डोळ्यांसमोर होईल सगळं. अन् ऐका, या डावी जर काही इपरीत झालं, तर पोर तुमच्याच घरी. आमच्याकडून न्यायला कोनी येनार नाही.”

उकंडराव खाली मान घालून बसले. त्यांनी नाही म्हटलं नाही, याचा अर्थ मोतीरामला बरोबर कळला. लेकरू जगलं तर पोरीचा संसार, नाही तर जन्मभर बापाच्या दारात. गाडी देऊळघाटाला लागेपर्यंत त्यानं मनाशी गाठ बांधली होती, की आपल्या घरात बाळंतिणीच्या खोलीत धुराचा कण येऊ द्यायचा नाही आणि तरी ऊब अशी ठेवायची की दुसरबीडकरांनी तोंडात बोट घालावं.

बेत त्याला गुऱ्हाळाच्या चुलवाणावरून सुचला. चुलवाणाचा जाळ एका तोंडाशी असतो आणि आच जमिनीखालून लांबवर जाते. तशी चूल खोलीच्या बाहेर, भिंतीपलीकडं घालायची. तिची आच आणि धूर विटांच्या नळीतून जमिनीखालून फिरवायचा आणि पलीकडच्या भिंतीतून धुराड्यावाटे वर सोडायचा. नळीवर दगडी फरशा, फरशांवर पोकळी, पोकळीवर सागाच्या फळ्या. बाळंतीण आणि लेकरू फळ्यांवर. धूर आभाळात, ऊब घरात.

अडलं ते पोकळीशी. ती किती ठेवायची? फळी फरशीला चिकटवली तर तापून तडकेल, वर निजलेल्याला चटका बसेल. फार उंच नेली तर सगळी ऊब पोकळीच खाऊन टाकेल. विचारायचं कुणाला? गवंड्याला विचारलं तर तो म्हणाला, पोकळी ठेवूच नका, राख भरा. बंगल्यांच्या वेळचा एक जुना सोबती म्हणाला, वीतभर तरी पाहिजेच. मोतीरामनं दोघांनाही वेड्यात काढलं आणि मळ्यात स्वतःच हातभर लांबीची एक खोटी जमीन बांधली. खाली निखारे, वर फरशी, त्यावर कमीजास्त उंचीवर फळ्या, आणि प्रत्येक फळीवर खोबरेल तेलाची एक वाटी. त्या थंडीत खोबरेल दगडासारखं गोठत होतं. ज्या वाटीतलं विरघळेल त्या फळीला ऊब पोचली.

दोन बोटं पोकळीची फळी एवढी तापली की हात ठेववेना. चार बोटांवर तेल शांतपणे विरघळलं. इथवर त्याच्या अंदाजाप्रमाणं. मग त्यानं वीतभर पोकळीची फळी पाहिली, तर तिथंही तेल जवळपास तसंच विरघळलेलं. चार बोटं काय आणि वीत काय, फरक म्हणून नाही! मोतीराम चिडला. दुप्पट जाडीची गोधडी दुप्पट ऊब धरते, मग हवेची जाडी वाढवली तर तिनं आच दुप्पट अडवायला नको का? त्यानं पुन्हा निखारे घातले, पुन्हा तेच. आणि एका सकाळी चार बोटांच्याच फळीवरचं तेल मुळीच विरघळेना. शोधता शोधता त्याला कडेला फट दिसली, सुई जाईल एवढी. तिथून हवा आत येत होती आणि निघून जात होती. चिंधी कोंबून वर चिकणमाती लिंपली, तेल विरघळलं.

तेव्हा त्याला उमगलं, की हवेचा गुण तिच्या जाडीत नाही, ती बसून राहण्यात आहे. बंगल्यांतलं एक जुनं कोडंही त्याला त्याच दिवशी सुटलं. काही खोल्यांत लाकडी जमिनीखाली उंदरांनी घरटी करून भोकं बुजवली होती, त्याच खोल्या थंडीत उबदार असायच्या. तो घरी येऊन हे बायकोला, पुष्पाबाईंना, तासभर सांगत बसला. पुष्पाबाईंनी कणीक मळत सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “अन् खोलीत मातीची जागा कोठी ठेवता?”

“मातीचं काय काम? ओल येते मातीनं. भिंतीपासून भिंतीलोक फळ्या.”

“नाई, म्हणजे बायंतपनात लागते...”

“बायकायचं बायका पाह्यतीन. मले हिशेब करू दे.”

पुष्पाबाई पुन्हा कणीक मळू लागल्या. त्या घरात बोलणं अर्ध्यावर सोडण्याची त्यांना चांगली सवय होती.

खोली झाली. चार बोटांची पोकळी, प्रत्येक सांध्यात सुतळी ठोकून वर मेण. मोतीरामनं तिथं दिवसचे दिवस चूल पेटवून पाहिली. धुराड्यातून धूर सरळ वर जायचा आणि फळ्यांवर अनवाणी उभं राहिलं की पायाखाली नुकतीच म्हैस उठून गेल्यासारखी ऊब लागायची. चांगुणाला त्यानं मुद्दाम उभी केली. ती म्हणाली, “चांगलं हाये, बाबा,” आणि लगेच कोपऱ्याकोपऱ्यातून काही शोधावं तशी पाहत राहिली. काय शोधतेस, असं विचारायचं त्याला सुचलं नाही.

पौषात सत्यभामाबाई आल्या. सोबत गाठोडं, आणि गाठोड्यावर उपडी घातलेली लोखंडी शेगडी. ती पाहून मोतीरामच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“हे वाघाचं पिल्लू काऊन आनलं?”

“आमच्यात बाजेखाली शेगडीच ठेवतेत. माझी सासू तिच्यावरच शेकली, मी तिच्यावरच शेकले. तुमचं लाकूड-माकूड मला नाही कळत.”

“चपला काढा अन् उभ्या राहा फळीवर. कळीन.”

त्या उभ्या राहिल्या. ऊब लागली असणारच, पण कबूल करतील तर त्या सत्यभामाबाई कसल्या? “खाली काय भरलं?”

“हवा.”

“हवा!” त्या अशा हसल्या की ओसरीवरचं मांजर उठून गेलं. “हवेनं ऊब येते व्हय? मी भाकर फुंकर घालून गार करते, ती कशानं? तुमच्या लाकडानं?”

“फुंकर म्हंजे पयती हवा. हे एका जागी बसेल हवा हाय. गोधडीत काय असते? दोन थराच्या मधात बसेल हवाच असते, थेच ऊब धरते.”

“गोधडीत माझी जुनी लुगडी असतेत. मी सोता शिवते, मला सांगू नका.”

असं रोज. मोतीरामनं खोबरेलाची वाटी ठेवून दाखवली, तर बाई म्हणाल्या, उन्हानं विरघळलं. खिडकी झाकून दाखवली, तर म्हणाल्या, तेलात भेसळ असेल. एकदा जेवताना त्यानं पुन्हा ते जुनं वाक्य काढलं, “तुमच्या शेगडीनं एक नेलं, आता तरी...” चांगुणानं घास ताटात ठेवला आणि भिंतीला धरून उठली. सत्यभामाबाईंनी हातातला तांब्या असा आपटला की पाणी मोतीरामच्या ताटात उडालं. “पोरीसमोर नको म्हनलं ना! माणूस हाय का कोन हाय?” मोतीराम जिंकल्यासारखा हसला. बाईला घाव लागला होता, आणि घाव लागला म्हणजे निशाणा बरोबर होता.

कळा पहाटे सुरू झाल्या. झुंबरबाई सुईण आली, पुष्पाबाई आणि सत्यभामाबाई आत गेल्या, दार लागलं. आता दहा दिवस सोयर, खोलीत पुरुषाचं पाऊल पडायचं नाही. मोतीराम भिंतीपलीकडं चुलीशी बसला. सुईणीनं आतून सांगितलं, आच कमी ठेवा, आत उकडते. म्हणून त्यानं जाळ काढून नुसते निखारे ठेवले. दिवस उजाडायच्या सुमारास लेकरू रडलं. मुलगा. मोतीरामनं दोन्ही हात भुईला टेकवले.

मग आत ठोकाठोकीचा आवाज झाला. काहीतरी उचकटल्यासारखा, मग खरवडल्यासारखा. त्यानं भिंतीतूनच ओरडून विचारलं, काय करून राह्यल्या? सत्यभामाबाईंचा आवाज आला, “बायकांचं काम हाय. तुम्ही चूल बघा.” त्यानं चूल बघितली. झुंबरबाई आपली पाटी घेऊन घरी गेली, पुष्पाबाई स्वयंपाकघरात गेल्या. ऊन चढलं तरी गारठा हटेना, लेकरू तर कमी दिवसांचं वाटावं असं लहानखुरं झालं होतं, म्हणून मोतीरामनं कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या घातल्या, त्यावर बाभळीचे ओंडके घातले आणि चूल भडकवली.

चूल भरभरून पेटली. मोतीरामनं सवयीनं धुराड्याकडं पाहिलं. धुराड्यातून धूर निघत होता, पण विडीचा निघावा तेवढा. त्याला वाटलं, वर पाखराचं घरटं असेल. पण घरटं असतं तर धूर चुलीच्या तोंडातून उलटा आला असता आणि चुलीच्या तोंडाशी डोळे चुरचुरतील एवढाही धूर नव्हता. जाळ एवढा मोठा. धूर वर जात नाही. मागं येत नाही. मग जातो कुठं?

तो उठला तो पळतच. घराला वळसा घालून खोलीच्या दाराशी आला. उंबऱ्यात सत्यभामाबाई बसल्या होत्या, भिंतीला डोकं टेकून, कपाळ दाबत. दार त्यांच्या मागं ओढलेलं होतं.

“उठा! धूर हाय आत!”

“धुरी दिली ओव्याची. लसनाची सालं टाकली. तिचा वास.”

“इहीनबाई, उठा म्हंतो!”

“सोयर हाय! बाप असून बायंतिनीच्या खोलीत शिरता? लाज नाही वाटत?” त्या उठल्या, पण वाट सोडायला नव्हे. दोन्ही हात दाराच्या चौकटीला लावून उभ्या राहिल्या. उभ्या राहताना झोक गेला, तरी हात सोडले नाहीत. “तुमची हवा गेली खड्ड्यात. आत पाय ठेवाल तर माझ्या मुडद्यावरून.”

विहिणीच्या अंगाला हात लावणारा व्याही देऊळघाटात त्यापूर्वी झाला नव्हता. मोतीरामनं त्यांना दंडाला धरून बाजूला ढकललं. त्या कोलमडून ओसरीवर बसल्या आणि अशी शिवी दिली की मळ्याकडं निघालेला शेजारचा जानराव वाटेतच थबकला.

खोलीत धुरीसारखाच निळसर धूर भरला होता. ओव्याचा वास होता, लसणाचा होता, आणि त्यांच्याखाली दबलेला जळत्या लाकडाचा वास. चांगुणा तोंड उघडं टाकून निजली होती. त्यानं हाक मारली, हलवली. ती नुसती कण्हली. लेकराला त्यानं उचललं तर मान लोंबली. अंग ऊबदार होतं, पण हात सोडला की पडत होता. वळताना कोपऱ्यातली फळी त्याला दिसली. एका बाजूनं वर उचललेली, तिच्यावर हळदकुंकू, कडेला ओली माती. पाहत बसायला वेळ नव्हता. त्यानं लेकरू बाहेर नेलं, ओरडणाऱ्या सत्यभामाबाईंच्या ओटीत टाकलं आणि पुन्हा आत जाऊन पोरीला काखेत धरून ओढत अंगणात आणलं.

सत्यभामाबाईंची शिवी अर्ध्यावरच तुटली. त्यांनी लेकराकडं पाहिलं आणि त्यांचं तोंड पांढरं पडलं. मग मात्र बाई झटपट हलल्या. लेकरू उन्हात धरलं, उपडं करून पाठीवर थापट्या मारल्या, “पुष्पाबाई, कांदा फोडा, कांदा!” म्हणून ओरडल्या, तोंडाला तोंड लावून फुंकर घातली, एकदा, पुन्हा, पुन्हा. पुष्पाबाई फोडलेला कांदा घेऊन आल्या आणि चांगुणाच्या नाकाशी धरून बसल्या. मोतीराम जागच्या जागी उभा. आयुष्यात पहिल्यांदा त्याला करण्यासारखं काही नव्हतं.

लेकरानं पाय आखडला. मग शिंकल्यासारखं केलं. मग रडलं, आधी चिमणीएवढं आणि मग चांगलं खणखणीत. सत्यभामाबाईंनी लुगड्याचा पदर सोडून त्याला उघड्या पोटाशी धरलं आणि हुंदके देत खाली बसल्या. चांगुणानंही डोळे उघडले. ओकली, पाणी प्याली, भिंतीला टेकून बसली.

मोतीरामनं आधी जाऊन चुलीवर घागर ओतली. परत आला तेव्हा त्याचं भय गेलं होतं आणि राग उरला होता.

“फळी कोनं उचकटली?”

“मी,” सत्यभामाबाई म्हणाल्या. “वार पुरायला.”

“फळीखाली?”

“मग कुठं? भिंतीपासून भिंतीपर्यंत लाकूड. मागच्या डावी उघड्यावर पुरली अन् कुत्र्यांनी नेली. या डावी घरातच, लेकराजवळच पुरायची, असं पोरीनंच मला दुसरबीडहून निघताना सांगितलं होतं. रडून सांगितलं होतं. फरशीच्या कडेला हातभर उकरलं. दोन विटा लागल्या, त्या काढल्या.”

त्या दोन विटा म्हणजे नळीची भिंत. निखारे नुसते होते तेव्हा कुणाला काही कळलं नाही. मोतीरामनं जाळ केला आणि धूर त्या भगदाडातून चार बोटांच्या पोकळीत शिरला, पोकळीतून उचकटलेल्या फळीवाटे खोलीत.

“मी इचारलं होतं तुमाले,” पुष्पाबाई हळूच म्हणाल्या. “मातीची जागा कोठी ठेवता म्हनून.”

मोतीरामला ऐकू आलं. पण त्या घडीला त्याला दुसरंच काहीतरी दिसत होतं, दोन वर्षं ज्याची वाट पाहिली ते. धुरानं लेकराचं काय होतं, हे बाईनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. स्वतःच्या ओटीत पाहिलं होतं. तो त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला.

“पाह्यलं? मान कशी टाकली होती त्यानं? अजून थोडा येळ गेला असता तं गार सापडला असता. त्या पहिल्यासारखा.”

“इवाई, गप बसा.”

“काऊन गप बसू? दोन वर्सं तुमी मले येड्यात काढलं. वार, सटवाई, कुत्रे! धूर होता थो. आज पटलं का नाई?”

सत्यभामाबाईंनी चांगुणाकडं पाहिलं. मग मोतीरामकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. त्या कधी कुणाची विनवणी करतील असं त्याला वाटलं नव्हतं, पण ती विनवणीच होती. “वार होती, इवाई. कुत्र्यांनी उकरली. तेच झालं होतं. आता सोडा.”

“अजूनही वारच?” त्याचा तोल सुटला. “नातू हातात घेऊन खोटं बोलता? धूर होता! त्या खोलीत शेगडी राखंनं काठोकाठ भरली होती अन् खिडकीत बोळे होते, म्या सोता पाह्यलं! ज्यानं थे शेगडी भरली त्यानं मारलं त्याले. तोंडानं बोला. पटलं का?”

“पटलं,” चांगुणा म्हणाली.

सगळे तिच्याकडं वळले. ती बापाकडं पाहत नव्हती, अंगणाकडं पाहत होती.

“त्या रातीले ह्या आत्याबाई झोपल्या होत्या. त्याचे पाय गार लागले मले. म्हनून शेगडीत कोयसे म्या टाकले, बाबा. शीग लावून टाकले. दार बी म्याच लावलं, गारठा येते म्हनून.”

पुष्पाबाईंनी कांदा खाली ठेवला.

“कुत्र्यांनी उकरली म्हनून मीच सांगितलं हिला,” सत्यभामाबाई म्हणाल्या. “गावालाही सांगितलं. ते खरं वाटावं म्हनून या डावी शेगडीही मिरवत आनली. माझ्यावर घ्या, वारेवर घ्या, कशावरही घ्या, पन तुमाला काही थांबता आलं नाही. झालं? भरलं पोट?”

त्या उठल्या. लेकरू पोटापासून सोडवलं, पदरात नीट गुंडाळलं आणि चांगुणापुढं बसल्या. लेकरू भुकेनं मुठी चोखत होतं.

“घे, माय. पाज त्याला. जिवंत हाय, बघ.”

चांगुणानं लेकराकडं पाहिलं आणि दोन्ही हात काखेत घालून घट्ट दाबून धरले.

“माह्याजोळ नका देऊ,” ती म्हणाली.